ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खरंच ड्रायव्हरला शिकतो का? दीर गाडी नेऊन आल्यापासून गाडी वेगळीच चालतेय

मृग_पुणे

नमस्कार मंडळी, गाड्यांतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. आमची सहा गिअरची ऑटोमॅटिक पेट्रोल एसयूव्ही आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला जाते ती), साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलीय आणि आत्तापर्यंत काही कुरकुर नव्हती. गेल्या महिन्यात दीर ती घेऊन कोल्हापूर-गोवा करून आला. तो गाडी कशी चालवतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहितीये, मागे बसलेल्या आजी रामरक्षा म्हणायला लागतात. तो आल्यापासून गाडी एकदम मठ्ठ झालीय, पाय दाबला तरी विचार करत बसते, सिंहगड रोडला सिग्नल सुटला की मागचे हॉर्न मारतात तरी ही आपली निवांत.

सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला मॅडम गिअरबॉक्स ड्रायव्हरला शिकतो, तुम्ही चालवत राहा होईल नीट. घराजवळचा मेकॅनिक म्हणतो बॅटरीचं टर्मिनल रात्रभर काढून ठेवा, मेमरी पुसली जाते. नवरा म्हणतो दोघंही फेकतायत. आता मला हे कळेना की गिअरबॉक्स दिराकडून शिकला असेल तर गाडी उलट उंडारायला हवी ना, मठ्ठ कशी झाली?

अजून दोन गोष्टी. सकाळी गार असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बारीक धक्का बसतो, हे मात्र दीर जायच्या आधीपासूनच आहे. आणि पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की इंजिन आपोआप ओरडायला लागतं, मी घाबरून न्यूट्रल करते. हे नॉर्मल आहे का?

घाटमाथा_चिंचवड

ताई, सगळ्यात आधी, घाट उतरताना न्यूट्रल करू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी याच कामात आहे (कंपनी विचारू नका), गिअरबॉक्सचं कॅलिब्रेशन म्हणजे कुठल्या वेगाला, पाय किती दाबला असताना कुठला गिअर पडला पाहिजे हे ठरवायचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

"शिकतो" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. गिअरबॉक्सचा स्वतःचा कॉम्प्युटर असतो, टीसीयू. त्याच्या दोन मेमऱ्या समजा. पहिली ड्रायव्हरबद्दलची, आणि ती अगदी तात्पुरती. तो बघतो की तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय, त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती झटकन दाबलाय, दर थोड्या वेळाने पूर्ण खाली दाबताय का, ब्रेक कसा मारताय, वळणावर गाडी बाजूला किती ओढली जातेय. यावरून तो एक आकडा काढत असतो, शांत ते तापट असा, आणि त्या आकड्याप्रमाणे गिअर बदलायच्या रेषा पुढेमागे करतो. तापट आकडा असला की गिअर उशिरा वर टाकायचा, लवकर खाली आणायचा. पण हा आकडा काही मिनिटांत उतरतो, तुम्ही निवांत चालवायला लागलात की तोही निवांत होतो, आणि बहुतेक गाड्यांत इग्निशन बंद केलं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गोव्यात तुमच्या दिरानं काय केलं हे त्या गिअरबॉक्सला आज अजिबात आठवत नाहीये. मुळात सीटवर दीर आहे का वहिनी हेही त्याला कळत नाही, त्याला फक्त पाय कळतो.

दुसरी मेमरी लांब पल्ल्याची, आणि ती ड्रायव्हरबद्दल नसतेच, ती गिअरबॉक्सच्या स्वतःच्या झिजेबद्दल असते. आत क्लच पॅक असतात, तेलाच्या प्रेशरने एक पिस्टन त्या प्लेटा दाबतो. गिअर बदलायचा म्हणजे एका पॅकचं प्रेशर सोडायचं आणि दुसऱ्याचं चढवायचं, अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि दोन्हीचा मेळ बसला पाहिजे. पण पिस्टनमागची पोकळी आधी तेलाने भरावी लागते, त्याशिवाय प्लेटा पकडतच नाहीत, हातपंप उपसायच्या आधी त्यात तांब्याभर पाणी ओततात तसंच. प्लेटा झिजल्या की पोकळी वाढते, म्हणजे भरायला जास्त तेल लागतं. तेल कमी पडलं तर मधल्या क्षणाला दोन्ही क्लच सुटलेले, इंजिनाचे आरपीएम उगाच वर उडतात. जास्त झालं तर दोन्ही एकदम पकडतात आणि धक्का बसतो. टीसीयू प्रत्येक शिफ्टला इनपुट आणि आउटपुट शाफ्टचे स्पीड बघतो, उडाले की नाही, किती वेळ लागला, आणि पुढच्या वेळेसाठी बारीकसा फरक करून ठेवतो. हे हजारो किलोमीटर साठत जातं, आणि हे खरं शिकणं.

घाटाचं. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी वेग वाढतोय आणि तुम्ही ब्रेक दाबताय, हे तिन्ही एकदम दिसलं की तो समजतो हा उतार आहे, मग मुद्दाम खालचा गिअर टाकतो म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवेल आणि ब्रेक तापणार नाहीत. ते ओरडणं म्हणजे तुमच्या मदतीलाच आहे. न्यूट्रल केलंत की सगळा भार ब्रेकवर, पसरणीची लांबी बघता ते बरं नाही. आणि पेट्रोल वाचतं म्हणून कोणी न्यूट्रल मारत असेल तर तेही चूक, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पेट्रोल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं तरी जाळावंच लागतं.

चढाचंही सांगतो कारण हे मला स्वतःला फार आवडतं. बऱ्याच गाड्यांत चढ मोजायला वेगळं काही नसतं. टीसीयूला माहिती असतं इंजिन आत्ता किती टॉर्क देतंय, गाडीचं वजन साधारण गृहीत धरलेलं असतं, त्यावरून वेग किती वाढायला हवा हे निघतं. तेवढा वाढत नसेल तर चढ आहे असं धरायचं आणि वरचा गिअर टाकायची घाई करायची नाही. मजा अशी की पाच माणसं आणि डिकी भरून बॅगा असतील तर सपाट रस्त्यावरही त्याला थोडा चढच वाटतो! समोरून जोराचा वारा असला तरी तेच. नव्या गाड्यांत पुढेमागे झुकाव कळणारा सेन्सर असतो, त्यांची फसगत कमी होते.

गाडी मठ्ठ का झाली ते मात्र यातून निघत नाही, त्याचं कारण दुसरीकडे आहे.

नाशिकचा_नाना

वरच्या भाऊंनी भारी सांगितलं. पण एएमटीवाल्यांनी हे सगळं आपल्याला लावून घेऊ नका, आपलं प्रकरण वेगळं. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मशीन. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओतून आली मग सगळ्यांनीच आणली, कारण स्वस्त.

यात शिकायचं म्हणजे मुख्य एकच, क्लच नेमका कुठे पकडायला सुरुवात करतो तो पॉइंट. आपण अर्धा क्लच पायाने ओळखतो तसं त्याला आकड्यात ठेवावं लागतं आणि प्लेट झिजेल तसा तो आकडा सरकतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट एका गॅरेजमध्ये बदलली, काम स्वच्छ केलं पण स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून नवीन प्लेटचं लर्निंग करून दिलंच नाही, म्हणाला आपोआप होईल. कसलं काय, सिग्नलला गाडी अशी उडी मारायची की बायकोने पुढे बसणंच सोडलं. शेवटी दुसरीकडे स्कॅनरने करून घेतलं आणि त्याच क्षणी गाडी लोण्यासारखी. तेव्हा एएमटीचा क्लच बदलला तर "लर्निंग केलं का" हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कसारा चढताना ट्रकच्या मागे अडकलं की मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्यावर ठेवायची. आणि चढावर थांबलं की ब्रेक किंवा हँडब्रेक लावा, रेस देऊन गाडी जागेवर धरू नका, प्लेट जळते. ऑटोमॅटिक आहे म्हणून लोक सर्रास करतात हे.

एकच_ओळ

ताई, ड्राइव्ह मोड बघा. इको लागलाय.

मृग_पुणे

@एकच_ओळ तुमच्या तोंडात साखर पडो! आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघितलं, खरंच इको वर आहे. दिराला फोन केला तर म्हणे परत येताना पेट्रोल संपत आलं होतं म्हणून लावला होता वहिनी. ते हिरवं चिन्ह मी रोज बघत होते पण मला वाटलं गाडी शाबासकी देतेय.

@घाटमाथा_चिंचवड दादा फार छान सांगितलंत, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पण मग इग्निशन बंद केलं की सगळं पहिल्यापासून होतं म्हणालात तर इको कसा राहिला? आणि बॅटरीचं? सकाळच्या धक्क्याचं पण राहिलं.

घाटमाथा_चिंचवड

मोड हे तुम्ही बटणाने केलेलं सेटिंग आहे, ते शिकण्यात येत नाही. बऱ्याच गाड्यांत स्पोर्ट गाडी बंद केल्यावर निघून नॉर्मल होतो पण इको तसाच राहतो, कंपनीला ॲव्हरेज चांगलं दिसायला हवं असतं ना. इकोमध्ये पायाला प्रतिसाद कमी आणि गिअर लवकर वर, म्हणून मठ्ठ.

बॅटरी. झिजेची मेमरी आजकाल अशा चिपमध्ये असते की वीज गेली तरी पुसली जात नाही. जुन्या गाड्यांत पुसली जायची, तिथून ही समजूत आलीय. आणि समजा पुसली गेलीच तर फायदा काय? साठ हजार किलोमीटर चालून त्याने तुमच्या क्लचचा जो हिशोब जमवला तो गेला, फॅक्टरीतून निघाली तेव्हाचे आकडे आले, आणि प्लेटा तर त्या राहिलेल्या नाहीत, म्हणजे परत जमेपर्यंत धक्के खा. रीसेट करायचाच असेल तर स्कॅनरने करतात, तेही गिअरबॉक्सचं काम केल्यावर किंवा तेल बदलल्यावर, आणि मग तेल गरम असताना हलक्या पायाने सगळे गिअर चढवत आणि पाय काढून गाडी थांबू देत ठरलेल्या पद्धतीने चालवतात. बॅटरी काढून "गाडी फ्रेश झाली" असं वाटतं त्यात काचांचं ऑटो बटण बंद पडणं आणि घड्याळ बाराला येणं एवढंच खात्रीने होतं :)

सकाळचा धक्का. गार इंजिनाला मुद्दाम खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ ठेवतात, इंजिन आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून, तो तापल्याशिवाय धूर साफ करत नाही. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, तोही तेव्हा लावत नाहीत. शिवाय तेल गार म्हणजे जाड, मग ते प्रेशरचं गणित थोडं चुकतं. शिकण्याचे नियम असे असतात की तेल एका ठरावीक तापमानात असतानाच नवा हिशोब लिहायचा, म्हणून गार असतानाच्या शिफ्ट सुधारायला त्याला फारशी संधीच मिळत नाही, तुम्ही कोथरूड ते डेक्कन एवढंच रोज जात असाल तर तर नाहीच. बारीक असेल आणि गरम झाल्यावर जात असेल तर घाबरू नका, पण तेल कधी बदललंय ते सांगा.

शंकासुर

मला हे सगळं पटत नाही. जाहिरातीत "इंटेलिजंट", "ॲडॅप्टिव्ह" लिहायचं आणि लाख-सव्वा लाख जास्त घ्यायचे. मुंबईला कुर्ला ते अंधेरी दोन तास पहिला दुसरा पहिला दुसरा करतो त्यात काय डोंबल ॲडॅप्ट करणार?

श्टुटगार्टकर

शंकासुर, कुर्ला-अंधेरीत पैसे डाव्या पायाचे देताय तुम्ही, तेवढं सुख वसूल झालं म्हणा. पण कल्पना जाहिरातवाल्यांनी आत्ता काढलेली नाही, तीस वर्षांहून जुनी आहे. इकडे पोर्शने ९११ मध्ये टिपट्रॉनिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, १९९० च्या मॉडेलला, त्यात चालवण्याच्या पद्धतीवरून शिफ्टचे वेगवेगळे नकाशे आपोआप निवडले जायचे. मित्सुबिशीने १९९२ च्या गॅलंटमध्ये फझी लॉजिक वापरलं, चढ आहे, वळण आहे, पाय असा आहे, तर ड्रायव्हरला बहुधा हे हवंय, अशा ढोबळ नियमांवर.

या सगळ्यात एक अडचण होती की गिअरबॉक्सला फक्त झालेलं कळतं, पुढचं वळण दिसत नाही. तुम्ही वळणाआधी पाय काढता, तो म्हणतो चला निवांत झाले, वरचा गिअर टाकतो, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की परत खाली, नुसती चढउतार. त्यावर उपाय म्हणून पाय झटकन काढला तर गिअर वर टाकायचा नाही, आणि गाडी वळणात आहे तोवरही बदलायचा नाही, असे नियम घातले. आंबोली घाटात चांगल्या ऑटोमॅटिकने जाऊन बघा, दोन वळणांच्या मधे ती तिसऱ्यालाच चिकटून राहते ते यामुळे.

मग २०१३ मध्ये रोल्स-रॉइसने रेथ या गाडीत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स जीपीएसला जोडला, पुढे चौक आहे का उतार आहे हे नकाशात बघून आधीच गिअर ठरवायचा. ह्युंदाई-कियानेही २०२० मध्ये नकाशा आणि रडारवर चालणारी अशी सिस्टिम जाहीर केली, पुढच्या गाडीचं अंतर बघून गिअर ठरवणारी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रोजच्या गाडीत याची गरज नाही, डोळे आहेत आपल्याला, पुढे ओव्हरटेक दिसत असेल तर स्टिअरिंगमागच्या पॅडलने एक गिअर आधीच खाली आणा.

बोरिवलीचा_बंड्या

माझी डीसीटी आहे, ड्राय क्लच, सात स्पीड. घोडबंदर रोडला जाममध्ये क्लच गरम झाल्याची वॉर्निंग आली. ही पण शिकते का? विकावी का?

घाटमाथा_चिंचवड

विकू नका हो लगेच. डीसीटीमध्ये दोन क्लच, एकावर एक-तीन-पाच-सात आणि दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यावर वेग वाढवत असाल तर चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, बदलताना फक्त क्लचची अदलाबदल. म्हणून झटपट. पण अंदाज चुकला, म्हणजे त्याने चौथा तयार ठेवला आणि तुम्हाला अचानक दुसरा हवा झाला, की क्षणभर अडखळते, ते सगळ्यांत होतं.

ड्राय क्लचला थंड करायला तेल नाही, फक्त हवा. जाममध्ये तुम्ही पुढच्या गाडीला चिकटून फूट-फूट सरकत राहिलात की क्लच सतत घासला जातो. किती तापला हे बऱ्याचदा मोजत नाहीत, किती वेळ किती घासला यावरून गणिताने काढतात, आणि मर्यादेजवळ आलं की वॉर्निंग. उपाय कंटाळवाणा आहे, पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम जा, मधे कोणी रिक्षा घुसली तर घुसू द्या. वॉर्निंग आलीच तर बाजूला थांबून पी ला टाका, इंजिन बंद करायच्या आधी मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा, गाडीगाणिक वेगळं असतं.

शंकासुर

मधे रिक्षा घुसू द्या म्हणे. एक घुसली की मागून लाइन लागते, घरी कधी पोचायचं?

मृग_पुणे

मोड नॉर्मल केला, गाडी पहिल्यासारखी पळतेय, त्यामुळे दिराला माफ केलंय. पसरणीला आता न्यूट्रल करणार नाही. महाबळेश्वरला वर गेल्यावर जी थोडी कमी ओढते ते पण गिअरबॉक्सचंच का?

तेल कधीच बदललेलं नाही. सर्व्हिसवाले म्हणतात लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं.

घाटमाथा_चिंचवड

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्के कमी होते, ते इंजिनाचं झालं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हवेचा दाब कळतो, तो टीसीयूला सांगतो की माझ्याकडे एवढंच आहे, मग तो गिअर जरा उशिरा वर टाकतो. म्हणजे तुम्हाला कमी ओढल्यासारखं वाटतं ते आहेच, पण गिअरबॉक्स ते झाकायचाच प्रयत्न करतोय.

लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ ते विचारा त्यांना.

श्टुटगार्टकर

त्यात भर घालतो. झेडएफ, म्हणजे हे बॉक्स बनवणारी कंपनी, स्वतः सांगते की त्यांच्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला. तुमचा बॉक्स झेडएफचा नसेल तर तुमच्या मॅन्युअलमध्ये "कठीण वापर" असं एक कोष्टक असतं, तिथे बघा, घाट, धूळ, रोजचं ट्रॅफिक, सतत उष्णता असं लिहिलेलं सापडेल, पुण्यात तुम्ही चारही भरता. बऱ्याच कंपन्या पुढच्या पानावर लाइफटाइम लिहितात आणि या कोष्टकात आकडा देतात.

तेल मात्र तुमच्या बॉक्सला सांगितलेलंच. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, बहुतेक लाल दिसतं म्हणून एकसारखं नसतं, प्लेटा किती घट्ट पकडाव्यात हे त्या तेलातल्या रसायनांवर ठरतं आणि टीसीयूचं सगळं गणित त्याच तेलावर बसवलेलं असतं. चुकीचं पडलं तर तो बिचारा शिकत राहतो पण जमत नाही, साठ-सत्तरच्या वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथरते.

मृग_पुणे

मॅन्युअल काढलं, कोष्टक सापडलं! शेवटून तिसऱ्या पानावर आहे आणि आकडा आमच्या किलोमीटरच्या मागेच राहिलाय. घराजवळच्या मेकॅनिककडे केलं तर चालेल का? बॅटरीवाला सोडून माणूस चांगला आहे.

नाशिकचा_नाना

चालेल, पण त्याला आधी विचारा लेव्हल कशी बघणार. इंजिन ऑइलसारखी डिपस्टिक बऱ्याच नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला नसतेच.

घाटमाथा_चिंचवड

बरोबर. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, एकेका गिअरमधून लिव्हर फिरवून घ्यायचा, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत राहायचं, आणि कंपनीने दिलेल्या अंशांना आल्यावर लेव्हलचा बोल्ट उघडायचा. धार लागली तर जास्त आहे, काहीच आलं नाही तर कमी, थेंब थेंब आलं की बंद करायचा. गार तेलावर लेव्हल लावली तर तापल्यावर फुगून जास्त होतं. त्याच्याकडे स्कॅनर आणि लिफ्ट दोन्ही असेल आणि ही पद्धत तो न विचारता सांगत असेल तर बिनधास्त द्या. नुसतं "जेवढं निघालं तेवढं भरतो" म्हणाला तर दुसरीकडे जा, कारण आधी भरलेलंच बरोबर होतं हे त्याला कुठून माहिती?

आणि पहिल्या वेळेला साधं ड्रेन करा, मशीन लावून फ्लश नको. ड्रेनमध्ये निम्म्याच्या आसपासच तेल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर परत एकदा करा. झाल्यावर सकाळचा धक्का कमी होतो का ते इथे कळवा, माझ्या मते थोडा होईल, पूर्ण जाणार नाही.